आठ ताटांत वाढलेलं गाणं

"कोण ऐकतंय?"

खोलीत शिरल्यावर मास्तरांचं पहिलं वाक्य हे असायचं. आधी खिडकी लावायची, मग दाराची कडी घालायची, मग वाकून बाकाखाली बघायचं. एकदा बाकाखाली मांजर निघालं. ते खालच्या व्यायामशाळेचंच जुनं मांजर होतं, पण मास्तरांनी त्यालाही बाहेर घालवलं आणि मगच पेटी उघडून क्लॅरिनेटचे तुकडे जोडायला घेतले.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. वाण्याच्या काट्याकडे टक लावून बघणारी, शिंप्याकडून उरलेली चिंधी मागून घेणारी. आमचे मास्तर त्यांच्या पुढचे. रस्त्यात कोणी वेळ विचारली तर घड्याळ बघण्याआधी ते विचारायचे, "कशाला हवी?" इराण्याचा चहा उकळलेल्या पत्तीचाच असतो असा त्यांचा आरोप होता, आणि तरी चहा ते तिथेच प्यायचे. एक चांगला न्हावी त्यांनी सोडला, कारण तो दाढी करताना शीळ घालायचा. "शीळ घालणारा माणूस कान उघडे ठेवून असतो," ते म्हणाले.

मी तेव्हा गिरगावात राहायचे आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. गळा बरा होता, म्हणून मास्तरांच्या ताफ्यात शिरले. ताफा म्हणजे चार माणसं. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे आणि चाली बांधायचे. फ्रान्सिस हा कॅव्हेलमधला गोवेकर, अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. भोईवाड्याचा सुदाम गिरणीत सुताला खळ लावायच्या सायझिंग खात्यात होता, तो हलगी वाजवायचा. आणि गायला मी, कुसुम. ठाकूरद्वारच्या एका वाडीत व्यायामशाळेच्या माडीवर आमची तालीम चालायची.

तालीम म्हणते खरी, पण चौघं एकत्र अशी ती कधी झालीच नाही. मास्तर एकेकाला वेगळं बोलवायचे. मला माझ्या ओळी शिकवायचे, फ्रान्सिसला त्याचे सूर, सुदामला त्याचे ठेके. फार तर दोघांना एकत्र बसवायचे, तेही एखादी जागा काही केल्या बसत नसेल तर. माझं गाणं मध्येच थांबायचं. "इथे तू गप्प राहायचं," मास्तर सांगायचे. किती वेळ, असं विचारलं तर म्हणायचे, "मी मान हलवीन तोवर." त्या गप्प जागेत काय वाजणार आहे, कोण वाजवणार आहे, ते मला ठाऊक नव्हतं. मी भिंतीवरच्या मुद्गलांकडे बघत उभी राहायचे.

फ्रान्सिसची तर दारातच झडती व्हायची. तो सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचा, त्याला सूर कागदावर उतरवता यायचे.

"पेन्सिल बाहेर ठेव."

"मास्तर, मी काय चोर हाय?"

"चोर नाहीस रे. पण तुझा हात लिहिता आहे."

फ्रान्सिस हसत हसत कानावरची पेन्सिल काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवायचा. हा माणूस असा का, ते त्यानेच मला एकदा सांगितलं. मास्तर तरुण असताना दादरच्या एका स्टुडिओत वाजवायला जायचे. कामाची वाट बघत बसले असताना त्यांनी आपली एक चाल सहज वाजवली. कोणीतरी "वा" म्हणालं. काही महिन्यांनी तीच चाल हॉटेलातल्या ग्रामोफोनवर त्यांच्या कानावर आली, दुसऱ्याच्या नावाने. मास्तर समोरचा चहा तसाच टाकून उठले. त्यानंतर त्यांनी कोणासमोर अख्खी चाल वाजवली नाही.

त्यातून दिवसही तसेच होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. रोज कुठेतरी सभा, कुठेतरी मोर्चा, कुठेतरी हरताळ. फाउंटनला गोळ्या चालल्या होत्या आणि माणसं गेली होती. सगळ्या मुंबईलाच संशयाची सवय लागली होती. सभेत शेजारचा अनोळखी माणूस टाळ्या जरा जास्त जोरात वाजवायला लागला की लोक त्याच्या बुटांकडे बघायचे. साध्या कपड्यातल्या पोलिसाला कपडे बदलता येतात, बूट बदलायचे राहतात, असं म्हणत. अशा दिवसांत मास्तर वेडे वाटत नसत. जरा पुढे गेलेले वाटत, एवढंच.

त्यांनी जे बांधलं होतं तेही आगळंच होतं. तेव्हा रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. एका बाजूला एक गाणं, उलटं केलं की दुसरं. मास्तरांना चार रेकॉर्डींचं एकच गाणं करायचं होतं. "एकच गाणं आहे," ते म्हणायचे, "आठ ताटांत वाढलेलं." एक बाई कोकणातून बोटीने येते, धक्क्यावर उतरते, नवऱ्याला शोधत लालबागला पोचते. मग खाणावळ, गिरणी, संप, पोराचं आजारपण, आणि शेवटी ती या शहराला आपलं म्हणते. मध्ये शब्दच नाहीत अशा जागाही होत्या. क्लॅरिनेट, अ‍ॅकॉर्डियन आणि हलगी एका गाण्यात, हे ऐकूनच लोक हसायचे. एका रेकॉर्ड कंपनीने मात्र होकार दिला. कंपनीचे साहेब गिरगावातच वाढलेले, गोड बोलणारे. "मास्तर, निश्चिंत राहा," ते सारखं म्हणायचे. त्यांनी असं म्हटलं की मास्तरांची झोप उडायची.

रेकॉर्डिंगला दोन-तीन आठवडे उरले असतील. त्या दुपारी मास्तरांनी मला आणि सुदामला एकत्र बोलावलं होतं. खिडकी लावलेली, कडी घातलेली. कोपऱ्यात शेगडीवर सुदाम हलगी शेकत होता. कातडं तापल्याशिवाय ती बोलत नाही. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावली, आणि तेवढ्यात बंद खिडकीतून बाहेरची एक चाल आत आली.

आधी दबकी, मग मोठी. पुष्कळ बायकांचे आवाज. रस्त्यावरून मोर्चा चालला होता.

मी सुदामकडे बघितलं, सुदामने माझ्याकडे. ती चाल आमची होती. बाई धक्क्यावर उतरते तिथली.

> उतरले मी धक्क्यावरी, पाय टेकले गं,
> या मातीवर नाव माझं कोण पुसतं गं

असं मी म्हणायचे. बाहेरच्या बायका "या मुंबईचं नाव आमचं कोण पुसतं गं" असं म्हणत होत्या.

मास्तरांनी खिडकी उघडली. तालमीच्या वेळी ती उघडलेली मी पहिल्यांदाच बघितली. खाली लालबाग-परळकडच्या बायका, पदर खोचलेल्या, हातात झेंडे. चाल सगळ्यांना पाठ. मास्तर वळले आणि थेट सुदामकडे बघून म्हणाले, "तू."

एवढंच म्हणाले. सुदाम मोर्च्यांत जायचा, सभांच्या आधी हलगी वाजवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा संशयाला जागा होती असं कोणीही म्हटलं असतं. सुदामने शेगडीजवळची हलगी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि तो जिना उतरला.

"मास्तर, विचारा तरी त्याला," मी म्हटलं.

"विचारलं की माणूस खोटं बोलतो," मास्तर म्हणाले. "उद्यापासून तो नको."

त्यानंतर आमच्यात जे सुरू झालं ते सांगायला आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. सुदाम नसेल तर फ्रान्सिस असेल, असं मला वाटू लागलं. बिनपेन्सिलीचाही त्याचा कान कमी नव्हता. फ्रान्सिसला मी वाटत होते. "तुमी टेलिफोनवाले," तो एकदा डोळे बारीक करून म्हणाला, "ऐकणं तर तुमचा धंदाच हाय." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मास्तर आमच्या दोघांकडे बघायचे, तेव्हा आम्ही उगीचच हात पाठीमागे लपवायचो.

अशात कंपनीच्या साहेबांचा मला ऑफिसात फोन आला. रेकॉर्डिंगची तारीख अलीकडे आली होती. मास्तरांच्या चाळीत फोन नव्हता, म्हणून संध्याकाळी निरोप घेऊन मी लालबागला गेले.

मास्तरांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. पत्ता त्यांनी कोणाला दिला नव्हता, चाळीचं नाव तेवढं कधीतरी बोलण्यात आलं होतं. क्लॅरिनेट वाजवणारे मास्तर कुठे राहतात, एवढं विचारल्यावर चाळीतल्या पहिल्याच बाईने दार दाखवलं. दार सताड उघडं होतं. आत काकी, म्हणजे मास्तरांची बायको, सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या.

धक्क्यावरची चाल. सूर न् सूर बरोबर.

मी उंबऱ्यातच थांबले. काकींनी मान वर केली. "ये गो, बस. तू गाणारी मा?"

"काकी, हे गाणं तुम्ही कुठे ऐकलंत?"

"ह्यां?" त्या हसल्या. "ह्यां तर सगळी चाळ म्हणता. हे थंय पडद्यामागे बसान वाजवतत. तोंडाक टावेल कोंबतत त्या पिपाणीच्या. आवाज काय टावेलान रवता? आयकान आयकान माझ्या तोंडात बसला. नळावर म्हटलंय, बायकांका आवडला. मोर्च्याक जाताना त्यांनी घेतला."

बाकाखालचं मांजर घालवणाऱ्या माणसाच्या घराचं दार असं उघडं होतं.

मी त्यांना सुदामचं सांगितलं. काकींचं हसू गेलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले. "तेका घालवल्यानी? माका बोलले नाय ते."

मास्तर आले. मला बघून त्यांनी आधी जिन्याकडे नजर टाकली, माझ्या मागून कोणी आलंय का ते बघायला. चपला काढायच्या आधीच काकी म्हणाल्या, "तुमची चाल मी चोरलंय. त्या पोराक कित्याक घालवलात?"

मास्तरांना समजायला वेळ लागला. काकींनी पुन्हा सगळं सांगितलं. पडदा, टॉवेल, नळ. मास्तर खाटेवर बसले.

"कधीपासून?"

"तुमी बांधूक लागलात तेवापासून."

पण सवय काही सुटेना. हळूच म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं का, ऐकून ठेव म्हणून?"

काकींनी सूप असं आपटलं की तांदूळ माझ्या पायापर्यंत आले. "तुमच्या वांगडा इतकी वर्सां रवलंय! माका सांगतलो कोण? बरा वाटला म्हणान म्हटलंय. बायलेन नवऱ्याची चाल म्हणूची नाय तर कोणी म्हणूची?"

मास्तर उठले आणि त्यांनी खुंटीवरची टोपी परत डोक्यावर घातली. "भोईवाड्याला जाऊन येतो."

"मी पण येतंय," काकी म्हणाल्या. मलाही चल म्हणाल्या.

सुदामची चाळ शोधायला वेळ लागला नाही. एका खोलीचं घर, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली निळ्या कापडाचा पट्टा. नुकतीच दीक्षा घेतलेली माणसं ती. सुदामची आई दारात आली, मास्तरांना बघून बाजूला सरली, आणि जरा घोटाळली. आलेल्या माणसांना काय विचारायचं, चहा विचारला तर ते घेतील का, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. काकी थेट आत गेल्या आणि जमिनीवर बसल्या. "माका पाणी द्या गो आधी. चलान चलान घसो सुकलो." त्यांनी तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. मग त्या माउलीने चहाचं आधण ठेवलं.

सुदाम भिंतीला टेकून उभा होता. मास्तर टोपी हातात घेऊन उभे. बोलल्या त्या काकीच. चाल बाहेर कशी गेली ते त्यांनी सांगितलं. "माझी चूक. ह्यांची नाय," म्हणाल्या.

"चूक तुमची नाही, काकी," सुदाम म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. आवाज चढवला नाही त्याने. "मास्तर, तुम्ही संशय सगळ्यांवर घेता, ते मला ठाऊक आहे. फ्रान्सिसची पेन्सिल, या कुसुमताईंच्या गप्प जागा. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या दिवशी तुम्ही खिडकीतून वळलात, तेव्हा विचार करून वळला नाहीत. मान आपोआप वळली. काही हरवलं की अशी आपोआप वळलेली मान माझ्या बापाने गावात जन्मभर बघितली."

त्याच्या आईने चहाचं पातेलं उतरवलं.

"गावात माझ्या बापाला हलगी वाजवावी लागायची," सुदाम पुढे म्हणाला. "आमच्यातल्या कितीतरी जणांनी ती आता सोडली, आणि बरोबर केलं. मी तुमच्याकडे वाजवतो ती मला आवडते म्हणून. कोणी वाजव म्हणालं म्हणून नाही."

मला वाटलं, मास्तर आता काहीतरी बोलून सावरतील. काळ कसा आहे, तू मोर्च्यात जातोस, मी माणूसच असा, असलं काहीतरी. ते तसं काही बोलले नाहीत. टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले.

"वळली खरी," शेवटी म्हणाले. "खिडकीजवळ कुसुम पण उभी होती. हिच्याकडे नाही वळली. का, ते मलाच बघायला हवं." आणि मग, जड जिभेने, "चुकलं माझं, सुदाम."

त्यांच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही फारसं नाही.

सुदामने चहाचे कप सगळ्यांच्या हातात दिले. शेवटचा मास्तरांच्या. मास्तरांनी त्या चहाच्या पत्तीबद्दल काही म्हटलं नाही.

"येतो मी," सुदाम म्हणाला. "पण मला अख्खं ऐकायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला एकट्याला नाही, आम्हा सगळ्यांना. आणि इथे."

"इथे?"

"इथे. गॅलरीत."

मास्तरांनी गॅलरीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. कपडे वाळत होते, माणसं बसली होती, पोरं धावत होती. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांना भर रस्त्यात अंगरखा काढायला सांगितला होता. पण "बरं" म्हणाले.

रविवारी सकाळी फ्रान्सिस आणि मी भोईवाड्याला पोचलो, तेव्हा गॅलरी भरली होती. खालच्या मजल्यावरची माणसंही जिन्यात उभी होती. कोणीतरी मास्तरांसाठी खुर्ची आणली. त्यांनी बसल्यावर सवयीने खुर्चीखाली बघितलं आणि पोरं खो खो हसली. मास्तरही ओशाळं हसले.

मग त्यांनी वाजवलं. एकट्या क्लॅरिनेटवर, मध्ये थांबून सांगत. "इथे फ्रान्सिस येतो." "आता ही गाते." "हा बोटीचा भोंगा." मला माझ्या ओळी ठाऊक होत्या, पण त्यांच्या मागेपुढे काय आहे ते तिथे कळलं. अनोळखी घरात एकाच खोलीत वर्षभर राहावं आणि एक दिवस कोणी बाकीची दारं उघडून दाखवावीत, तसं झालं. मी जिथे गप्प उभी राहायचे, तिथे सुदामची हलगी होती. ती बाई आजारी पोराला घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभी आहे, तिला बोलता येत नाही, आणि तिच्याऐवजी हलगी बोलते. मुद्गलांकडे बघत मी त्या जागी उभी राहिले होते, आणि ती जागा अशी भरलेली होती.

शेवटची बाजू तर आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. तिथे क्लॅरिनेट थांबते, मग अ‍ॅकॉर्डियन थांबतं, मग गाणंही थांबतं. उरते एकटी हलगी.

"म्हणजे शेवट माझा आहे?" सुदाम म्हणाला.

"तुझाच. पहिल्यापासून."

"हे आधी सांगितलं असतंत तर?"

"सांगितलं असतं तर तू वाजवून बघितलं असतंस."

"मग?"

"मग कोणीतरी ऐकलं असतं ना!"

अख्खी गॅलरी हसली. फ्रान्सिसने कानावरची पेन्सिल काढून मास्तरांसमोर धरली. "आता लिहू?" "लिही," मास्तर म्हणाले. "पण नीट लिही."

रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत आणखी एक पेच पडला. तिथे शेगडी पेटवायची परवानगी नव्हती आणि थंड हलगी डबडब वाजायला लागली. सुदाम समोरच्या इराण्याच्या भट्टीवर ती तापवायचा, छातीशी धरून रस्ता ओलांडायचा आणि धावत आत यायचा. आला की लगेच दार बंद, लाल दिवा, आणि आम्ही सुरू. मधल्या बाजूंना फ्रान्सिस एकदा चुकला, मी दोनदा. मायक्रोफोन एकच होता, त्यामुळे हलगीला पार मागच्या भिंतीशी उभं केलं होतं. शेवटच्या बाजूला मास्तरांनी स्वतःहून जागा सोडली, सुदामला पुढे बोलावलं आणि आपण भिंतीशी गेले. ती बाजू एकाच दमात झाली.

यंत्रावरच्या माणसाने ती आम्हाला परत ऐकवली. मास्तर आमच्याकडे पाठ करून उभे होते. ऐकून झाल्यावर सुद्धा वळले नाहीत. काकी त्यांच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता टावेल नको मा?"

निघताना कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले. "मास्तर, निश्चिंत राहा." एरवी मास्तरांनी त्यांना शंभर प्रश्न विचारले असते. कधी काढणार, किती काढणार, नाव कुठे छापणार. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, सुदामकडे बघितलं, आणि मिटलं. नमस्कार करून बाहेर पडले.

आणि नेमकं तिथेच फसलो. कंपनीने पहिली रेकॉर्ड काढली. ती बरी खपली, गिरगावातल्या हॉटेलांतून वाजलीही. बाकीच्या तीन कधीच आल्या नाहीत. चाल मोर्च्यातली आहे, वरच्यांना नको आहे, असं कोणीतरी सांगितलं. मास्तर कंपनीत खेटे घालत राहिले आणि साहेब प्रत्येक वेळी बाहेर गेलेले असायचे. पुढे कळलं की बाकीचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"त्या दिवशी संशय घ्यायला हवा होता, मास्तर," सुदाम कळवळून म्हणाला.

"घेतला होता," मास्तर म्हणाले. "बोललो नाही."

त्यांनी रागाने क्लॅरिनेट ठेवून दिली नाही, एवढं मात्र झालं. आठही ताटं आम्ही मग लोकांसमोर वाढली. गणपतीत, सभांच्या आधी, चाळींच्या चौकांत. मास्तर सुधारले वगैरे म्हणाल तर तसं नाही. दूधवाल्यावर, पोस्टमनवर, हवामानाच्या बातम्यांवर त्यांचा संशय शेवटपर्यंत राहिला. पण चाल कोणी विचारली तर पूर्ण सांगायचे. एखाद्याचं लक्ष नसलं तर उलट रागवायचे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. छातीचं दुखणं होतं. परळच्या इस्पितळात शेवटचे दिवस काढले. सुदाम पाळी सुटली की रोज तिथे जायचा. आता फ्रान्सिसही नाही, काकीही नाहीत. ती एक रेकॉर्ड कोणाकडे असेल तर मला माहीत नाही.

मला ते आठवतात ते राज्य झालं त्या दिवसाचे. गिरगावातून मिरवणूक चालली होती, गुलाल उडत होता. मास्तर आणि मी फुटपाथवर उभे होतो. समोरून बायकांचा एक घोळका आला, आणि त्या तीच चाल म्हणत होत्या, धक्क्यावरची. मास्तर ऐकत होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. घोळका जरा थांबला तशी त्यांनी पुढच्या ठसठशीत कुंकवाच्या बाईला गाठलं.

"बाई, तिसरी ओळ चुकतेय. ती खाली उतरते. तुम्ही वर नेताय."

बाईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हाला काय ठाऊक? आमच्या आजीच्या वेळेपासूनची चाल आहे. ती अशीच म्हणत होती."

मी पुढे होऊन सांगणार होते. मास्तरांनी माझा हात धरला.

मिरवणूक पुढे सरकली. बायकांनी पुन्हा सुरुवातीपासून धरलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीला मास्तरांनी डोळे मिटले. ती वर गेली, आणि गर्दीबरोबर वळणापलीकडे गेली.

"बाय," ते मला म्हणाले, "वर नेली की बरी लागते गो."